अर्ध्यांना तिचं, अर्ध्यांना माझं

४ मार्च

अंधारबाईनं साहेबांना आज पुन्हा खिशात घातलं! डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट इतकी वर्षं मी सांभाळली. आणि ही कालची पोरगी येते, सगळं पान काळं करून टाकते, वर हाताएवढी अक्षरं — म्हणून तर अंधारबाई. साहेब म्हणाले, "सध्या हेच चाललंय. तुझं जरा जुनं वाटतं." माझं स्वच्छ, पांढरंशुभ्र पान म्हणे जुनं!

जळते मी तिच्यावर. इथे लिहायला कुणाची चोरी आहे?

५ मार्च

जेवताना मुद्दाम शेजारी येऊन बसली. "तुमच्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? फोन बघताना नेमका काय त्रास होतो त्यांना?" मी म्हटलं, पांढरा उजेड टोचतो म्हणते, बारीक अक्षरं दिसत नाहीत — उगाच कुरकुर, दुसरं काय. ती ऐकत राहिली, तिचा डबा तसाच.

लाडीगोडी सगळी. माझ्या आईशी हिला काय करायचंय?

११ मार्च

साहेबांनी तोडगा काढला. दोघींच्या साइट एकदम सुरू. येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना माझी दिसेल, अर्ध्यांना तिची. कुणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवणार. जिच्या साइटवरून जास्त लोक डॉक्टरांची वेळ घेतील तिची राहणार, आणि दुसरीनं यापुढे तिच्या हाताखाली काम करायचं.

मी? हिच्या हाताखाली?

१२ मार्च

दवाखान्यात येणारी बहुतेक माणसं म्हातारी. तिच्या त्या अंधारात चाचपडतील बिचारी. हे सुचलं आणि बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

१४ मार्च

मामी, आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू — सगळ्यांना कामाला लावलं. डोळे तपासून घ्या, वेळ फोनवर साइट उघडूनच घ्या. मामी म्हणाली, "अगं, माझे डोळे ठणठणीत आहेत." म्हटलं, तरी तपासून घे. आईलाही सांगितलं, या खेपेला मी वेळ घेऊन देणार नाही, तुझी तू घे.

मग लक्षात आलं — यातल्या निम्म्या जणी तिच्याच पानावर जाणार. माझी माणसं, आणि फायदा तिचा. कपाळ माझं!

१६ मार्च

आज सगळे तिच्या टेबलाभोवती. मी एकटीनं चहा घेतला.

१७ मार्च

घरी आले तर आई फोन घेऊन दारातच उभी. "घेतली बघ मी वेळ. कुणाला न विचारता." फोन माझ्यापुढे धरला. काळं पान, हाताएवढी अक्षरं.

"उजेड अजिबात टोचला नाही गं. मला वाटायचं, मी बोलते त्याकडे तुझं लक्षच नसतं. माझ्यासाठीच केलंस ना असं?"

मी हो म्हटलं.