व्हेनिस सोडलं

फ्लॉरेन्स, इटली

तीर्थरूप आईस, शैलाचा लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. भात मिळतो, जरा कच्चा असतो, पण चालतं. तुझा खोकला थांबला का? निर्मलावहिनी गोळ्या वेळेवर देतात ना?

शैलाने व्हेनिस सोडलं, हे दादाने तुला रागारागाने सांगितलंच असेल. खरं आहे ते. रोम बघितलं, फ्लॉरेन्स बघितलं. काल सगळा ग्रुप व्हेनिसला होड्यांत बसायला गेला आणि मी ह्यांना घेऊन, दुसऱ्या महायुद्धात इथे लढताना गेलेल्या आपल्या शिपायांच्या स्मारकाकडे निघाले. टूर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नसेल. माझे आजोबा आहेत तिथे."

एक गाडी चुकली, पाय थोडे सुजले, पण पोचलो. आई, तिथल्या भिंतीवर तुझ्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. शिदू कोंडिबा. मी त्यावर हात ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, "आबा, तुमची लेक बरी आहे." हे पाठ फिरवून उभे राहिले. रडत असावेत.

"तार आली, पर मढं कुटं आलं? बाई ठेवून तितंच ऱ्हायला असंल," असं अख्खी वाडी तुला तोंडावर म्हणायची आणि तू मान खाली घालायचीस. आता घालायची नाही. नावाचा फोटो आणतेय. तो देवघरात नको, बाहेर ओटीवर लाव, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

तुझी लेक,
शैला