पिंप गप्प होईपर्यंत

प्रिय आई,

ओस्लोहून एंद्रेचा नमस्कार. गुडघा कसा आहे?

तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आयुष्यातली पहिली बिअर घरी घातली आहे. आपल्या गावच्या रीतीप्रमाणे यीस्ट टाकताना आरोळी ठोकली, तर शेजारीण धावत आली, "कोण पडलं हो?"

मेहुणा रोज टोचतो, "उघड की! बिअर आहे, बाळंतपण नव्हे." मी पिंपाच्या झाकणावरच बसलो. कान लावला की पिंप अजून पुटपुटतं, म्हणजे बिअर आंबायची थांबलेली नाही. आंबट निघाली तर एकटा पिईन, तोंडसुद्धा वाकडं करणार नाही.

ओडवरदादाला सांग, दुकानातली बाटली घरात आणायची नाही. पिंप गप्प झाल्याशिवाय मी निघणार नाही. उशीर झाला तर केक कापून घ्या, पण ग्लास रिकामे ठेवा. ते मीच भरणार.

तुझाच हट्ट घेतलेला,
एंद्रे