एका वळूच्या लेकी

आई,

आज राजापूरकडच्या एका गोठ्यात तुझ्या वयाच्या बाईने मला विचारलं, "डॉक्टरीणबाय, माज्याकडनंच कायतरी चुकत असंल ना?" तिची गाय गाभण राहत नव्हती. मी लगेच नाही म्हटलं. तुला म्हटलं नव्हतं.

गोठ्याच्या जांभ्याच्या भिंतीवर तू कोळशाने रेघा ओढायचीस, दर वेताला एक. जिच्या रेघा जास्त तिचीच पाडी ठेवायची, बाकीच्या देऊन टाकायच्या. दूध किती, हे तू धरतच नव्हतीस. काळी गायीच्या अकरा रेघा होत्या. मी नुकती पशुवैद्य होऊन आलेली, शहाणपण अंगात मावत नव्हतं. "रेघांचा चहा होतो का?" म्हणून तुला चिडवलं आणि गावच्या वळूला बाजूला सारून काळीला भरपूर दुधाच्या वळूच्या वीर्याची कांडी भरली. तू एवढंच म्हणालीस, "तू शिकलेली, बाय. तुज्या मनासारखं कर."

तिची पाडी तांबू पहिल्याच वेताला कळशी भरायला लागली. तू वाडीभर कौतुक सांगत फिरलीस. मग ती गाभण राहीना. चारदा भरवली, दर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर. तू विचारलंस, "माज्या बघन्यात कायतरी चुकतंय काय ग?" आणि मी म्हणाले, "मग काय तर. माज नीट बघत नाहीस, मला उशिरा सांगतेस." गोठ्यातल्या बाईला आम्ही डॉक्टर पहिलं हेच ऐकवतो, सवयीने. त्यानंतर तू दुखरे गुडघे घेऊन पहाटेच तांबूपाशी जाऊन बसायला लागलीस. पेंड बदललीस, गणपतीपुळ्याला नवस बोललीस. मी बघत होते आणि मला तुझा रागच येत होता.

दवाखान्याच्या रजिस्टरात त्याच वळूच्या आणखी लेकी आहेत. वाड्या वेगळ्या, चारा वेगळा, सांभाळणारे हात वेगळे, पण बहुतेक सगळ्या तशाच उलटलेल्या, भरवूनही गाभण न राहिलेल्या. दूध बापाकडून आलं तसं हेही आलं. गाभण राहण्याचा गुण रक्तातून अगदी थोडासा उतरतो, बाकी सगळं सांभाळण्यावर, असं आम्हाला शिकवलं होतं. वळू निवडताना ते थोडंसं मी सोडून दिलं. तू वर्षानुवर्षं नेमकं तेवढंच निवडत होतीस.

आजच्या बाईची गायही त्याच वळूची लेक; तिला हे सगळं सांगितलं. ती पायरीवर टेकली, म्हणाली, "म्हंजे माजा दोष नाय," आणि पदराने तोंड पुसलं. मला तिच्याकडे बघवेना.

विचारणाऱ्यांना मी सांगते की हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते खरं नाही. रजिस्टर मी चाळलं तेव्हा तू अजून होतीस, आई. अंथरुणाला खिळली होतीस. त्याच संध्याकाळी तू विचारलंस, तांबू पाणी प्याली का. मी हो म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले.