लंगडी खुर्ची

ता. ४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणतील तेवढंच चाल. लेकीच्या घरी सुपरवायझरगिरी करू नकोस.

तू नाहीस म्हणून ‘घर बघायला’ यंदा मी गेले. आजोबांनी संस्था काढली तेव्हापासूनचा नियम ना, घरच्या माणसाने डोळ्यांनी गरिबी बघितल्याशिवाय मदत मंजूर करायची नाही! तर ऐक. मागच्या गल्लीत पहिल्या घरात मला एक लंगडी खुर्ची दिली, पायाला निळी दोरी बांधलेली. दुसऱ्या घरात तीच खुर्ची. तिसऱ्यात मी उभीच राहिले, तर घरच्या बाई हसून म्हणाल्या की बसा, तुमच्या आत्याबाई हिच्यावर बसल्या की लगेच विरघळतात! अख्ख्या गल्लीत ती फिरते, आणि आपण येणार म्हटलं की पंखे, चांगली भांडी शेजारी जातात.

फक्त शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ती कधी घेतली नाही. गरज आहे म्हणून घर कशाला विद्रूप करू, म्हणाल्या. पडदे छान, भांडी लख्ख. म्हणूनच तू दोनदा त्यांचा अर्ज नाकारलास. त्यांचं मशीन भाड्याचं आहे आणि मालक ते महिनाअखेर परत नेतोय. मग खायचं काय? आपण त्यांना मशीन देऊ या ना.

उत्तराची वाट बघतेय. ओरडलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी टकळी

ता. ९ मार्च

चि. टकळीस, अ. आ.

वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणजे इतकी वर्षं मला हातोहात बनवलं? मी त्या खुर्चीवर कंबर मोडून घेतली आणि हे मागे खिदळत होते! त्या गल्लीची मदत आजच बंद कर. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ही.

शिवणवालीचं म्हणशील तर नियम तो नियम. एकीला सूट दिली तर उद्या रांग लागेल. तू मऊ आहेस, अगदी बापावर गेलीयस.

वेळेवर जेव. माझा जीव तुझ्यावर आहे, म्हणूनच बोलते.

आत्या

ता. १३ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

त्यांनी तुला फसवलं नाही गं. तुला जे बघायचं होतं तेच त्यांनी दाखवलं. खरं वागली तिला आपण हाकललं. गल्लीची मदत मी बंद करणार नाही आणि त्या बाईंना तिसऱ्यांदा नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून संस्थेचं काम सोडून उद्या बाबांकडे जातेय. ऑफिसची किल्ली शिपाईकाकांकडे दिलीय.

रागाव, पण मला परकी करू नकोस.

टकळी

ता. २७ मार्च

चि. टकळीस, अ. आ.

तुझ्या पत्रानंतर चार दिवस धुमसले. मग काठी घेतली आणि घरी परतले. काल शिवणवालीकडे गेले. माझं चुकलं, मशीन तुमचं, असं म्हटलं. तिने पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली की ज्यांच्या हातून घ्यायचं, त्यांचं घर मलाही आधी बघायचंय. आता बोला! नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? उद्या या, म्हटलं.

आज सकाळपासून मी आवरतेय काय, लपवतेय काय! चांदीची ताटं पलंगाखाली सरकवली. झुंबर काही काढता येईना, म्हणून दिवाच लावला नाही. ती आली, खोल्या फिरली, स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उचलून आत बघितलं. मी बघायचे अगदी तसंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला. माझ्याच घरात मी हात बांधून उभी होते, निकालाची वाट बघत.

शेवटी म्हणाली की घर चांगलं आहे, घेते मशीन. आणि मी, संस्थेची अध्यक्ष, पास झाले म्हणून मोरीत जाऊन रडले.

मशीन संध्याकाळी तिच्याकडे पोचलं. गल्लीची मदतही चालूच राहील. घर बघणं मात्र आजपासून बंद. तुझ्या आजोबांना राग आला तर वर गेल्यावर मी बघून घेईन. खाली मात्र मला तू हवीस. ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आत्या