दादाच्या फोटोची काच

आई,

दादाच्या फोटोची काच फुटलेली नाही, मीच काढली. त्याच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचं धातूचं झाकण घासायचं होतं. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासावं लागतं, आणि घरात एवढी सपाट काच दुसरी नव्हती. झाकण मधोमध खोलगट होतं, थंड करणारा पंखा त्यावर नीट टेकत नव्हता. म्हणून त्याने जाण्याआधी तुझ्यासाठी जुळवून ठेवलेल्या व्हिडिओची फाईल बनवायला घेतली की मशीन दर वेळी तापून बंद पडायचं.

झाकणाच्या कडेला, पंख्याखाली लावतात त्या वाळलेल्या पेस्टमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. “बोटाने काय फासतोस, रानटी!” म्हणून मी त्याच्यावर ओरडायचे. बराच वेळ बघत बसले. पण पुसल्याशिवाय घासता येत नव्हतं. पुसला. त्याआधी तुला हाक मारायला हवी होती, चुकलंच माझं.

व्हिडिओ सकाळी पूर्ण झाला. अठरा मिनिटांचा आहे. मी पाहिलेला नाही. मशीन चालूच आहे, फक्त कीबोर्डवरचं सगळ्यात मोठं बटण दाब.

काचेवर ओरखडे पडलेत, नवी आणायला जाते. दुकान कोपऱ्यावरच आहे, पण मी तासाभराने येईन.