आजपासून तूच ठेव

सर, आज मुलांना इन्फ्रारेड शिकवताना तुमचा सुभाष रोड पुन्हा वापरला. फळ्यावर यंत्राचा कच्चा सिग्नल काढला, मधे एक उंच सुळका आणि दोन्ही बाजूंना विझत गेलेली थरथर, आणि विचारलं, यात काय दिसतं? कुणालाच काही दिसेना. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस धारवाडच्या आपल्या लॅबमध्ये मलाही दिसलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, "संध्याकाळी सुभाष रोडच्या बाजारात जाऊन उभी राहा. सगळा गलका एकदमच कानावर पडतो का नाही? तरी फुलवालीचा आवाज तुला वेगळा कळतो. फूरिए ट्रान्सफॉर्म म्हणजे तेच की, फक्त कानाऐवजी गणित." मग संगणक त्या थरथरीतून एकेक कंपन वेगळं काढून पडद्यावर स्पेक्ट्रम उतरवायचा.

त्या यंत्राला आपला श्वास चालत नसे. नमुना घोटून केलेली काचेसारखी चकती आत ठेवताना श्वास सुटला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि ओल दोन्ही स्पेक्ट्रममध्ये उमटायचे. "उसिरु हिडी," तुम्ही म्हणायचात, श्वास धर, आणि स्वतःही धरून चकती ठेवायचात. माझ्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षी एके सकाळी मात्र तुम्ही बाजूला झालात. "आजपासून तूच ठेव," म्हणालात आणि जाऊन दाराशी पाठमोरे उभे राहिलात. मला वाटलं, बघायचीसुद्धा गरज वाटत नाही, एवढा विश्वास. केलगेरीला घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिनं शिरा केला.

तुम्ही गेल्यावर काकूंना भेटायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना श्वास धरवतच नव्हता गं. दोन वाक्यं बोलले की धाप. हुबळीच्या डॉक्टरांकडं चला म्हणून मी किती मागं लागले, तर म्हणे, पोरीचे नमुने संपू देत, मग ॲडमिट होतो. तोवर लांब उभा राहतो म्हणायचे, माझ्या श्वासानं तिचं काम नासायला नको." नमुने संपले, सर. मग तुम्ही हुबळीला गेलात आणि परत आला नाहीत.

मला तुमचा राग येतो. जन्मभर गणित शिकवलंत आणि स्वतःच्या बाबतीत हे असलं गणित? स्पेक्ट्रम बिघडला असता तर पुन्हा घेतला असता, दहादा घेतला असता. मला एकदा विचारायचं तरी. आताच्या यंत्रात हवेच्या रेषा सॉफ्टवेअरच पुसून टाकतं. मुलं झाकण उघडं ठेवून, आत वाकून गप्पा मारतात. मी त्यांना रागवत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आता तर काकूही नाहीत. म्हणून इथंच कबूल करते. "आजपासून तूच ठेव" म्हणालात, त्या सकाळी जेवढी सुखावले तेवढी पुन्हा कधी सुखावले नाही. खरं कारण कळूनही इतकी वर्षं झाली. मी रडते, तुमच्यावर चिडते, पण त्या सकाळचा आनंद काही केल्या कमी होत नाही.