त्या रेषा छेदत नाहीत

मोनाली,

तू गाढ झोपली होती, म्हणून उठवलं नाही. पोहे गॅसजवळ झाकून ठेवले आहेत, खाऊनच निघ.

काल तू अर्ध्यात सोडलेलं गणित मी करून पाह्यलं. त्या रेषा छेदत नाहीत वं. पहिलं समीकरण 2x + 3y = 7 आहे, अन् दुसरं 4x = 9 − 6y असं दिलं आहे. 6y डावीकडे आणताना तू चिन्हच बदललं नाही. बदललं की 4x + 6y = 9 होते. आता पाहा, 2 अन् 4, 3 अन् 6, दोन्हीचं गुणोत्तर एकच आहे, पण 7 अन् 9 चं वेगळं. म्हणून रेषा समांतर. x अन् y ची गुणोत्तरं वेगळी निघाली, तरच छेदतात. आज पेपरात असं आलं तर घाबरू नको. मी तं बिलकुल घाबरून नाही राहिली.

काल तू म्हणाली, "आई, तू दहावीले बसली ते बसली, माझ्याच सेंटरवर काहून? मैत्रिणी हसतील ना!" म्हणून मी आधीच निघाली. फाटकावर तुले ओळख दाखवणार नाही. पण तूच हाक मारली, तर धावत येईन.

आई